देवाची चाल वरातीत

लग्नाच्या तिथी दाट आल्या की सटाण्यात संध्याकाळी रस्ता ओलांडणं अवघड होतं. एक वरात बसस्टँडच्या बाजूने येते, दुसरी देवमामलेदारांच्या मंदिराकडून वळते आणि विंचूर-प्रकाशा रस्त्यावर उन्हाळ कांद्याचे ट्रॅक्टर दोन्ही वराती सरकायची वाट बघत उभे असतात. वरातीपुढे बँडची गाडी. पिकअपवर रचलेले स्पीकर, मागे जनरेटर, मधे कीबोर्डवाला, त्याच्या शेजारी ऑक्टोपॅड आणि खाली रस्त्यावर ढोल-ताशा. पहिलं गाणं नेहमी देवाचं. गणपतीचं, नाहीतर सप्तशृंगीचं. नवरदेवाचे मित्र ते सोसून घेतात. मग एखाद-दुसरं चित्रपटातलं. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी ओरडतं, ‘पावरी लाव!’

कीबोर्डवाला बटण फिरवतो. सनईसारखा, पण सनईपेक्षा जाड आणि किंचित घोगरा आवाज निघतो. उजव्या हाताची बोटं चार-पाच सुरांपलीकडे जात नाहीत. डावा हात कडेच्या चाकावर असतो, सूर वाकवायला. तीच छोटी चाल पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा. इतका वेळ ज्याला जसं सुचेल तसा नाचणारा घोळका आपोआप ओळीत येतो. शेजारच्याच्या कमरेत हात, सगळ्यांचं पाऊल एक, दोन पावलं पुढे, एक मागे. पाटलाचा मुलगा आणि त्याच्याच मळ्यातला सालदार एका ओळीत सापडतात, तेवढ्यापुरते. वीस मिनिटं हे चालू शकतं. चाल बदलली तर लोक चिडतात.

खरी पावरी कीबोर्डातून येत नाही. वाळवून पोखरलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या, पुढे शिंग आणि सांधायला मेण असं तिचं अंग. वाजवणारा श्वास तुटू देत नाही. नाकाने घेतो आणि गालात साठवलेली हवा सोडत राहतो, त्यामुळे सूर रात्रभर अखंड राहू शकतो. सटाण्याहून ताहाराबाद, मुल्हेर, साल्हेर असं पश्चिमेला जाऊ लागलं की डोंगरपट्टा सुरू होतो आणि पलीकडे गुजरातचं डांग. या पट्ट्यातल्या कोकणा आणि भिल्ल समाजाची ही पावरी. तिचा मोठा मान मार्गशीर्षातल्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात. व्रत धरलेले माऊल्या पथ्य पाळतात, गावोगाव फिरतात, फेर धरतात, आणि पौर्णिमेच्या सुमारास गडावर जाऊन देवाला पुजतात. फेराच्या मधे पावरीवाला. तो चाल धरतो, फेर तिला पायाने उत्तर देतो, कोणाच्या अंगात वारं येतं. देवाच्या फेरातली ही चाल आज वरातीत वाजते आहे, आणि तिच्यासोबत फेरही आला आहे.

यात बाटलं काय आणि टिकलं काय, हा वाद बागलाणात अधूनमधून होतो. मला तो वाद ऐकताना दर वेळी अमेरिका आठवते. तिथे हाच वाद शंभर वर्षं चालला आहे, आणि त्यातून निघालेल्या संगीताने जगाचे कान बदलले. चर्चमधलं गॉस्पेल आणि नाचघरातलं रिदम अँड ब्लूज यांचं नातं समजून घ्यायला सटाण्याची वरात ही काही वाईट जागा नाही.

गोष्ट सुरू होते 1871 साली. गुलामगिरी संपून सहा वर्षं झाली होती. मुक्त झालेल्या काळ्या मुलांसाठी नॅशव्हिलमध्ये 1866 साली निघालेली फिस्क शाळा कर्जात बुडाली होती. तिथल्या विद्यार्थ्यांचा एक गायनसंच पैसे जमवायला बाहेर पडला. सुरुवातीला ते गोऱ्यांना आवडतील अशी गाणी म्हणत. हळूहळू त्यांनी आपल्या आईबापांची गाणी काढली. शेतात, रानात, चोरून भरवलेल्या प्रार्थनांत गुलामांनी गायलेली ही गाणी परक्यांसमोर म्हणायला त्यांच्यातल्या काहींना संकोच वाटे. या ज्युबिली सिंगर्सनी त्या गाण्यांना युरोपच्या पद्धतीची चार आवाजांची मांडणी दिली आणि इंग्लंडच्या राणीपर्यंत ती पोचवली. मूळ संच विखुरल्यावर फ्रेडरिक लाउडिन या गायकाने नवा संच बांधून जगप्रवास केला. 1889-90 च्या सुमारास ही मंडळी हिंदुस्थानातही गायली, ताजमहालातही.

चार आवाजांची मांडणी म्हणजे काय, हे आपल्या कानाला सांगावं लागतं. आपण दहा माणसं भजनाला बसलो तर दहाही जण एकच चाल म्हणतो. कोणी खालच्या सप्तकात, कोणी वरच्या, पण चाल एक. पेटी त्याच चालीमागून जाते. तिथे मात्र एकाने सा धरला की दुसरा त्याच वेळी ग धरतो, तिसरा प, आणि सर्वांत जाड आवाजाचा चौथा खालचा सा. पहिला हलला की बाकीचे तिघे आपापली वाट धरून हलतात. चौघे चार वेगळ्या चाली गातात आणि ऐकणाऱ्याला एकच भरीव गाणं ऐकू येतं. ही हार्मनी. तिचं व्याकरण युरोपच्या चर्चमधलं होतं. पण काळ्या गायकांनी तिच्या आत जे भरलं ते चर्चच्या वहीत नव्हतं. एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी ओ द्यायची, हाक संपायच्या आधीच ओ सुरू करायची, सूर नेमका न लावता त्याच्याकडे घसरत जायचं आणि शेवटी एकच ओळ धरून ती तापवत न्यायची.

या शेवटच्या गोष्टीजवळ जरा थांबायला हवं. पुढे 1930-40 च्या दशकांत गॉस्पेलच्या चौकड्या गावोगाव फिरू लागल्या. नाव चौकडी, पण माणसं बहुधा पाच-सहा, कारण पुढे गाणारे दोन लागत. टेक्सासमध्ये 1926 साली सुरू झालेल्या ‘सोल स्टिरर्स’मध्ये आर. एच. हॅरिस नावाचा गायक होता. पुढचा गायक चालीवर न बसता तिच्याभोवती फिरेल आणि मागचे चौघे ठेका व सूर दोन्ही धरून ठेवतील, ही रीत पक्की करण्याचं श्रेय बरेचसे जाणकार त्याला देतात. गाण्याचा पहिला भाग सावकाश, शब्द सांगत. मग मागचे एखादा छोटा तुकडा धरतात आणि तो सोडतच नाहीत. पुढचा त्यावर बोलतो, ओरडतो, रडतो. दुसरा पुढचा त्याच्या हातातून गाणं काढून घेतो आणि आणखी वर नेतो. सभेत माणसं उभी राहतात, भोवळ येऊन पडतात. पांढऱ्या पोषाखातल्या आया त्यांना सावरायला रांगांमधून फिरत असतात.

वारीच्या वाटेवर ज्याने गजर ऐकलाय, त्याला हे नवीन नाही. अभंग विलंबात सुरू होतो, वीणेकरी चाल सोडतो, टाळकरी ती उचलतात, मग नाममंत्राचा एकच तुकडा उरतो, पखवाज दुगुनीत जातो आणि पावली सुरू होते. फरक एवढाच की आपले टाळकरी एक सूर जाड करत नेतात आणि त्यांचे गायक अनेक सूर थरावर थर रचतात. तापवण्याची कळ दोन्हीकडे एकच.

आता या तापलेल्या गाण्यातून देव काढून बाई घातली तर? अमेरिकेत नेमकं हेच झालं, आणि दोन्ही दिशांनी झालं.

टॉमस डोर्सी हा जॉर्जियातल्या धर्मोपदेशकाचा मुलगा. शिकागोत ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने तो ब्लूज वाजवायचा, ब्लूज गायिका मा रेनीच्या बँडमध्ये पियानोवर असायचा. 1928 साली त्याचं एक चावट, दुअर्थी गाणं देशभर गाजलं. 1932 साली तो बाहेरगावी गायला गेला असताना बाळंतपणात त्याची बायको गेली, पाठोपाठ मूलही गेलं. त्या दुःखात त्याने देवाचा हात मागणारं जे गाणं रचलं, ते पुढे मार्टिन ल्यूथर किंगचं सर्वांत आवडतं ठरलं. डोर्सी चर्चमध्ये आला तो ब्लूजची बोटं घेऊनच. पुष्कळ पाळकांनी त्याला दार बंद केलं. मग तो छापील गाणी हातोहात विकू लागला, आणि ती गाऊन दाखवायला त्याच्यासोबत रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी राहायची न्यू ऑर्लिन्सहून आलेली एक तरुण मुलगी, महेलिया जॅक्सन.

आपल्याकडे डोर्सीचा पूर्वज शोधायचा तर सोलापूरचा राम जोशी (1762-1812) आहे. घरात शास्त्रीपण, आणि हा तमाशाच्या फडात लावण्या रचणार. पुढे तो कीर्तनाकडे वळला. लावणीत कमावलेली यमकं, ठेक्यावरची हुकमत आणि भर सभेत माणूस जागेवर खिळवून ठेवायची हातोटी कीर्तनात गेली. होनाजी बाळाने शृंगाराच्या लावण्या रचल्या आणि महाराष्ट्राने पहाटे म्हणायची भूपाळीही त्याचीच उचलली. शांतारामबापूंनी 1951 साली त्याच्यावर ‘अमर भूपाळी’ काढला तो याच गमतीवर. आपल्या तमाशाची रचनाच मुळी आधी गण, मग गवळण, मग बतावणी, लावणी, वग अशी. देव आधी उरकून घ्यायचा. बँडच्या गाडीवर पहिलं गाणं गणपतीचं असतं ते याच रीतीने.

दुसऱ्या दिशेने गेलेले जास्त प्रसिद्ध. सिस्टर रोझेटा थार्प ही चर्चमध्ये उपदेश करणाऱ्या बाईची मुलगी. गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अडकवून ती देवाची गाणी नाइटक्लबात गाऊ लागली. 1944 साली तिने ध्वनिमुद्रित केलेलं एक गॉस्पेल पुढच्या वर्षी काळ्या संगीताच्या विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. रॉक अँड रोलचा पाया शोधणारे आज तिथपर्यंत जातात. तोवर या याद्यांचं नावच ‘रेस रेकॉर्ड्स’ होतं. 1949 साली ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने जेरी वेक्सलर या आपल्या वार्ताहराच्या सूचनेवरून ते बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ केलं. 1954 च्या शेवटी रे चार्ल्सने गाडीतल्या रेडिओवर ऐकलेल्या एका गॉस्पेलची चाल उचलली, येशूच्या जागी एक बाई ठेवली, आणि सोल नावाच्या संगीताची पहाट झाली असं मानतात. मूळ गाणं ‘सदर्न टोन्स’ या चौकडीचं होतं, हे रे चार्ल्सच्या तबकडीवर कुठे छापलेलं नव्हतं.

सॅम कुकची गोष्ट आणखी अवघड. हॅरिसने ‘सोल स्टिरर्स’ सोडल्यावर त्याच्या जागी विशीतला हा देखणा मुलगा आला. चर्चमधल्या बायका त्याच्या आवाजाला इतक्या भुलल्या की गाणं देवाचं आहे हे गौण झालं. बाजारात जायचं तर चर्चची माणसं तुटणार, म्हणून पहिली प्रेमगीताची तबकडी त्याने ‘डेल कुक’ या नावाने काढली. स्वतःच्याच एका गॉस्पेलमधला देव काढून प्रेयसी घातली होती. आवाज लपला नाही. 1957 साली तो खऱ्या नावाने आला आणि पहिल्या क्रमांकावर गेला. महेलिया जॅक्सनने उलट टोक धरलं. कितीही पैसा दिला तरी ब्लूज गाणार नाही, दारूच्या गुत्त्यात गाणार नाही. 1971 साली ती भारतात आली. मुंबईसह चार शहरांत कार्यक्रम झाले, तिकिटं दोन तासांत संपली. दिल्लीत इंदिरा गांधींनी तिची भेट घेतली.

या सगळ्यात मला एक गोष्ट ठळक दिसते. गाणं देवाकडून बाजारात जातं तेव्हा शब्द बदलतात, वाद्यं बदलतात, पोषाख बदलतो. गाणाऱ्यांची आपसातली मांडणी मात्र तशीच्या तशी जाते. पुढे कोण, मागे किती, हाक कधी, ओ कधी, एकच तुकडा किती वेळ धरायचा. पावरीच्या बाबतीतही तेच झालं आहे. भोपळा गेला, श्वास गेला, देव गेला, फेर राहिला.

मग प्रश्न पडतो की हार्मनीचं काय? अमेरिकन चर्च महाराष्ट्रात पोचलं होतं, अगदी सुरुवातीला. अमेरिकन मराठी मिशनने नगर जिल्हा पिंजून काढला. इंग्रजांच्या सी.एम.एस. मिशनने नाशिकला शरणपूर वसवलं. ऑर्गन आले, चार आवाजांची गीतपुस्तकं आली. तरी आपल्या चर्चमधून गॉस्पेलसारखं काही उगवलं नाही. का?

शरणपूरची कहाणी यात विलक्षण आहे आणि नाशिककरांनाही ती पुरेशी ठाऊक नाही. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमाराने पकडलेल्या गुलामांच्या गलबतांतून सुटलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जात, आणि त्यांतली बरीच शरणपूरच्या आश्रमात येत. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं, प्रार्थना असा दिवस. गोदावरीकाठी मराठी आणि आफ्रिकन मुलं एका छपराखाली ख्रिस्ताची गीतं म्हणत होती, जवळजवळ त्याच वर्षांत जेव्हा नॅशव्हिलमध्ये ज्युबिली सिंगर्स उभे राहत होते. आफ्रिका धुंडाळणाऱ्या डेव्हिड लिव्हिंगस्टनने 1866 च्या शेवटच्या मोहिमेसाठी इथलेच नऊ ‘नासिक बॉइज’ नेले. नंतर गेलेल्या तुकडीतला जेकब वेनराइट तर लिव्हिंगस्टन वारला तेव्हा जवळ होता. त्यानेच दफनाची प्रार्थना वाचली, झाडावर अक्षरं कोरली, आणि 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीला खांदा दिला. त्याच वर्षी मिशनने मोंबासाजवळ फ्रेअरटाउन वसवायला घेतलं आणि शरणपूरचे आफ्रिकन तिकडे हलवले. केनियाच्या इतिहासात त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणतात.

म्हणजे दाणे होते, जमीनही होती. पण गाणं पिकायला पिढ्या लागतात. अमेरिकेत गुलामगिरीला अडीचशे वर्षं मिळाली, एकाच शेतावर आजी, आई, नात गात आल्या. शरणपूरला वीस वर्षंही धड मिळाली नाहीत. मुलं वेगवेगळ्या प्रदेशांतून, वेगवेगळ्या भाषांतून, फार लहानपणी तोडून आणलेली. त्यांच्यात सामाईक गाणं तयार व्हायच्या आतच गाव उठलं. हा माझा अंदाज, पण मला तो पटतो.

मराठी ख्रिस्ती माणसाजवळ मात्र सामाईक गाणं आधीच होतं, आणि भरपूर होतं. नगरकडचे जे महार-मांग ख्रिस्ती झाले ते हलगी, तुणतुणं, पोवाडा आणि एकतारी भजन घेऊनच आले. मिशनरी साहेब चार आवाज शिकवायचा आणि माणसं अंगणात येऊन टाळ काढायची. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. मग रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, 1919 साली गेले. मधल्या चोवीस वर्षांत मराठी चर्चचा कान त्यांनी कायमचा देशी करून ठेवला. अभंग, पदं, भजनं, आरत्या यांनी ‘उपासना संगीत’ भरून टाकलं. तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर नाशिकजवळचं जलालपूर, आणि शेवटची वर्षंही त्यांनी नाशिकलाच काढली. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला या घरातल्या गाण्याची, कीर्तनांची आणि भांडणांची चांगली ओळख आहे.

टिळकांनी जे केलं ते मला अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्याच जातीचं वाटतं. परका धर्म आपल्या मांडणीत ओढून घेतला. आपल्या मांडणीत अनेक सुरांचे थर नव्हते, एकच धार होती. म्हणून हार्मनी ‘उपासना संगीता’तल्या पाश्चात्य चालींच्या भागात राहिली, ऑर्गनजवळ बसणाऱ्यांची झाली. आणि पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात, दौंडजवळच्या केडगावला, 1905 साली जी जागृती झाली, मुलींनी रात्र-रात्र मोठ्याने एकत्र प्रार्थना केली, ती लॉस एंजेलिसच्या अझुसा रस्त्यावरच्या अशाच सभांच्या वर्षभर आधीची. रोझेटा थार्प ज्या पंथात वाढली त्याला अझुसाने पेटवलं. केडगावची ठिणगी चिलीपर्यंत गेली, पण तिच्यातून बाजारात जाणारं गाणं निघालं नाही.

हार्मनी आपल्याला मिळाली ती दुसऱ्याच वाटेने. गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासून चर्चच्या शाळेत मेस्त नावाचा मास्तर मुलांना स्वरलिपी, व्हायोलिन आणि समूहगान शिकवायचा. चर्चमधून ती हार्मनी मांडो या गोव्याच्या गीतप्रकारात उतरली, दोन आवाज अंतर राखून बरोबर चालू लागले. पुढे पोटासाठी ही मुलं मुंबईला आली. 1935 साली लिऑन ॲबेचा काळ्या अमेरिकन वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात आला, नंतर क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड. फ्रँक फर्नांडसारखे गोव्याचे वादक त्यांच्याशेजारी बसून वाजवू लागले. एकाच्या कानात गोव्याचं चर्च, दुसऱ्याच्या कानात अमेरिकेतलं. तिथून ही मंडळी चित्रपटांच्या स्टुडिओत शिरली. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि गोव्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट यांनी 1951 साली ‘अलबेला’त काय धमाल केली ते सांगायला नको. सबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस यांनी वाद्यमेळाला थर दिले. चर्चची हार्मनी सटाण्याला चर्चमधून आली नाही. ती टुरिंग टॉकीजमधून आणि हॉटेलातल्या रेडिओतून आली.

आल्यावर तिचं काय झालं हेही बघण्यासारखं आहे. पितळी वाद्यांच्या बँडने चित्रपटगीत उचललं आणि क्लॅरिनेटपासून जाड भोंग्यापर्यंत सगळ्यांनी मिळून एकच चाल वाजवली. थर गळून पडले. आपल्या कानाने पुन्हा एकदा आपल्याला हवं तेवढंच ठेवून घेतलं.

पण रिदम अँड ब्लूजचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे दबलेल्या समाजाने भक्तीच्या मांडणीतून स्वतःचा आवाज काढणं, तो नाशिक जिल्ह्यात भरपूर सापडतो. जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हा ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा तसाच ठेवून गणातला गणपती उठवला. 1930 साली नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि त्याच दशकात भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा गावोगाव फिरू लागला. झीलकरी तेच, ढोलकी तीच, प्रश्न नवे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक यांनी 1943 साली एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर पहिलं गाणं रचलं. रे चार्ल्सने जे केलं त्याच्या नेमकं उलट. बाजारातली चाल उचलून तिच्यात श्रद्धा घातली, आणि पुढे 2004 पर्यंत हजारो गाणी लिहिली.

प्रल्हाद शिंदे तर माझ्या मते आपला खरा सॅम कुक. तोच गळा पंढरीच्या विठ्ठलाला, तोच भीमगीतांना, तोच कव्वालीच्या मुकाबल्याला. मागे कोरस, तापत जाणारा एक तुकडा, वरच्या पट्टीत फेकलेली हाक. आषाढीला ज्या देवळाच्या भोंग्यावर त्यांचा आवाज लागतो, त्याच गावात 14 एप्रिलच्या मिरवणुकीतही तो लागतो. सॅम कुकला नाव बदलावं लागलं, शिंद्यांना लागलं नाही. आपल्याकडे भिंती जातींमध्ये उंच आहेत. गाण्यात त्या तितक्या उंच नाहीत असं म्हणायचा मोह होतो. पण गाणाऱ्याला देवळाच्या आत किती घेतात हा प्रश्न विचारला की तो मोह टिकत नाही. गाणं आणि हा प्रश्न एकदा एकाच बैठकीत आले होते. बारडोलीला फेब्रुवारी 1936 मध्ये हॉवर्ड आणि सू थर्मन हे काळे अमेरिकन दांपत्य गांधींना भेटलं. गांधींच्या आग्रहावरून त्यांनी गुलामांच्या काळातलं भजन म्हटलं, आणि आधीच्या बोलण्यात अस्पृश्यतेचा विषय निघालेलाच होता.

बागलाणात परत येऊ. कोजागरीला मुल्हेरच्या उद्धव महाराजांच्या मंदिरात रासक्रीडेची पदं रात्रभर चालतात, एका बाजूने उचललेली ओळ दुसरी बाजू घेते. सटाण्याला देवमामलेदारांची यात्रा भरते. 1870-71 च्या दुष्काळात सरकारी खजिना लोकांना वाटून टाकणारा मामलेदार इथे देव झाला, आणि त्याच्या रथापुढेही बँड असतोच. डोंगरपट्ट्यातल्या वाड्यांवर ख्रिस्ती प्रार्थनासभा भरतात. त्यांत टाळ्या आणि ढोलक आहेच, आणि कीबोर्डही आता तोच आहे, वरातीतला. एकच यंत्र शनिवारी लग्नात, रविवारी प्रार्थनेत. अमेरिकेतल्या कुठल्याही जुन्या गॉस्पेल वादकाला यात नवल वाटणार नाही. हॅमंड ऑर्गन तिथे असाच दोन्हीकडे फिरला.

ज्यांना पावरी डीजेवर गेल्याचं दुःख होतं त्यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. चाल जिवंत आहे, तिने ओळखही दिली. पूर्वी शहरात पावरीचं नाव काढायला लाजणारी डोंगरातली पोरं आज तिच्यावर छाती काढून नाचतात. इतर समाजही त्यांच्या पावलात पाऊल घालतात, ही लहान गोष्ट नाही. दुःखाची बाजू दुसरीकडे आहे. इंटरनेटवर पावरीच्या चालींचे शेकडो तुकडे पडलेले असतात, प्रत्येकावर कोणत्या तरी स्टुडिओचं नाव. चाल कोणाच्या गावची, मूळ वाजवणारा कोण, याचा पत्ता नसतो. ‘सदर्न टोन्स’चं जे झालं तेच. भोपळ्याला योग्य आकार यावा म्हणून वेल मांडवावर चढवणाऱ्या, शिंग घासणाऱ्या, मेण लावून सूर जुळवणाऱ्या माणसापर्यंत त्या कमाईतलं काही पोचत नाही. नवीन मुलं श्वास न तोडता फुंकायला शिकत नाहीत, कारण यंत्राला श्वास लागत नाही आणि सुपारी यंत्राला मिळते.

काही बँडवाले आता खऱ्या पावरीवाल्याला गाडीवर उभं करतात. पुढे माइक धरतात, मागे कीबोर्ड खर्ज देतो. लोकांना ते आवडतं, यजमान जास्तीचे पैसे मोजतो. तुळशीचं लग्न लागलं की यंदाच्या सुपाऱ्या फुटू लागतील, आणि मार्गशीर्षात डोंगऱ्यादेव आहेच. दोन्हींच्या तारखा एकमेकींवर येतात. त्या रात्री गाडीवर चढायचं की गडावर, हे प्रत्येक पावरीवाल्याला आपल्या घरचा हिशेब बघून ठरवावं लागतं, आणि माऊल्यांनाही त्याच्यासाठी थांबायचं की दुसरा शोधायचा ते ठरवावं लागतं.